एका चिमणीने दाखवलेली वाट



भातकापणी आटोपली की तळेऱ्याच्या तिठ्यापासून आत वाडीकडे जाणाऱ्या वाटेवर संध्याकाळी दोन-चार मुले हमखास दिसतात. खिशात व्हाळातले गोल खडे आणि हातात गलोल. कधी होला पडतो, कधी बुलबुल. मुले पाखरू उचलून बघतात, पंख ताणून बघतात, त्याच्या नावावरून थोडी हुज्जत घालतात. घरी गेल्यावर कोणी ओरडते, कोणी लक्षच देत नाही. मेलेले पाखरू गडग्यापलीकडे जाते आणि गोष्ट तिथेच संपते.

शंभराहून अधिक वर्षांपूर्वी मुंबईतल्या एका मुलाच्या हातून अशीच एक चिमणी पडली होती. त्याची गोष्ट मात्र तिथे संपली नाही, कारण त्याने विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देणारी दोन मोठी माणसे त्याला भेटली. हा मुलगा पुढे साऱ्या भारताला पक्ष्यांची ओळख करून देणारा गुरू झाला. त्यांचे नाव डॉ. सलीम अली. १२ नोव्हेंबर हा त्यांचा जन्मदिवस देशात पक्षी दिन म्हणून पाळला जातो आणि २०२० पासून महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह साजरा होतो. त्यांच्या जडणघडणीत एका कॅथलिक धर्मगुरूंचा मोठा वाटा होता, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. म्हणून या रविवारी त्यांच्या जीवनाची ओळख करून घेऊ.

आईबापाविना वाढलेला मुलगा

सलीम मोइझुद्दीन अब्दुल अली यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत एका सुलेमानी बोहरा मुस्लीम कुटुंबात झाला. दहा भावंडांत ते सर्वांत धाकटे. एक वर्षाचे असताना वडील गेले आणि तीन वर्षांचे असताना आईही गेली. मामा अमीरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांना स्वतःचे मूल नव्हते. त्यांनी ही अनाथ भावंडे आपल्या खेतवाडीच्या घरी आणली आणि पोटच्या लेकरांसारखी वाढवली.

मामांना शिकारीचा शौक होता. त्या काळी सुखवस्तू घरांत शिकारीला प्रतिष्ठा होती आणि घरातल्या मुलांनाही तेच वेड लागत असे. मामांनी सलीमला छऱ्याची छोटी बंदूक दिली. चिमण्या टिपणे हा त्याचा आवडता उद्योग झाला. तो दहा-अकरा वर्षांचा असताना एके दिवशी पडलेली चिमणी उचलून पाहतो तर तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका. नेहमीच्या घरचिमणीला असा ठिपका नसतो. मग ही कोण? सलीमने मामांना विचारले. मामांनाही उत्तर ठाऊक नव्हते.

मुलांनी नको ते प्रश्न विचारले की आपण मोठी माणसे त्यांना गप्प करतो. मामांनी तसे केले नाही. ते बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचे सभासद होते. ही संस्था १८८३ साली मुंबईत आठ निसर्गप्रेमींनी स्थापन केली होती. त्यांत सहा इंग्रज होते आणि दोन आपले मराठी डॉक्टर, आत्माराम पांडुरंग आणि सखाराम अर्जुन. मामांनी संस्थेचे सचिव डब्ल्यू. एस. मिलार्ड यांच्या नावे चिठ्ठी लिहून दिली आणि मुलाला चिमणीसह तिकडे पाठवले.

मिलार्डसाहेबांचे उपकार

बुजरा, हडकुळा सलीम कागदी पुडीत चिमणी घेऊन फोर्टातल्या त्या कचेरीच्या दारात उभा राहिला तेव्हा त्याचे पाय लटपटत असणार. राज्य इंग्रजांचे, समोरचा माणूस इंग्रज, आणि मुलाला तर शाळेतले जेमतेम इंग्रजी येणारे.

मिलार्ड यांनी त्याला हाकलले नाही. त्यांनी पाखरू पाहिले आणि ही पीतकंठी चिमणी, म्हणजे पिवळ्या कंठाची रानचिमणी आहे, असे सांगितले. मग एकामागून एक खण उघडून त्यांनी पेंढा भरलेले कितीतरी पक्षी त्याला दाखवले. वाचायला पुस्तके दिली. पक्ष्यांची कातडी सोलून जतन कशी करतात आणि टिपणे कशी ठेवतात, हे शिकवण्याचीही सोय केली. एका अनोळखी मुलासाठी या व्यापारी माणसाने आपला काही वेळ खर्च केला, एवढेच. त्या काही तासांनी सलीमच्या आयुष्याची दिशा ठरली. पुढे अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी, १९८५ साली, त्यांचे इंग्रजी आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. त्याचे नाव 'द फॉल ऑफ अ स्पॅरो', म्हणजे एका चिमणीचे पडणे. शुभवर्तमान ऐकत वाढलेल्या आपल्यासारख्यांना हे नाव ऐकताच प्रभू येशूने चिमण्यांविषयी काय सांगितले ते आठवेल.

फादर ब्लॅटर यांनी हेरलेला विद्यार्थी

सलीम शाळेत हुशार नव्हते. गिरगावातल्या मिशनच्या शाळेत बहिणींबरोबर त्यांचे शिक्षण सुरू झाले आणि नंतर ते सेंट झेवियर्समध्ये गेले. तेराव्या वर्षापासून डोकेदुखीने हैराण केले, शाळा वारंवार बुडू लागली. हवापालटासाठी त्यांना सिंधमध्ये नातेवाइकांकडे पाठवावे लागले. १९१३ साली ते कसेबसे मॅट्रिक झाले. सेंट झेवियर्स कॉलेजातले पहिले वर्ष इतके जड गेले की त्यांनी कॉलेज सोडले आणि ब्रह्मदेशात तवॉयला भावाच्या खाणीचा व लाकडाचा धंदा सांभाळायला गेले. धंद्यात त्यांचे मन रमले नाही. खाणीभोवतीच्या जंगलात मात्र ते रमले.

१९१७ साली मुंबईला परतल्यावर हिशेब आणि व्यापारी कायदा शिकण्यासाठी ते दावर कॉलेजात जाऊ लागले. घरच्यांच्या दृष्टीने ही पोटापाण्याची सोय होती. याच वेळी सेंट झेवियर्स कॉलेजचे फादर एथलबर्ट ब्लॅटर यांनी या तरुणाचा खरा ओढा ओळखला.

फादर ब्लॅटर हे स्वित्झर्लंडचे येशूसंघीय धर्मगुरू. जन्म १८७७ चा. भारतात येऊन त्यांनी इथल्या वनस्पतींचा अभ्यास हेच आयुष्याचे काम केले. नेचे, ताडमाड, फुलझाडे अशा अनेक विषयांवर त्यांनी ग्रंथ लिहिले. १९०६ साली त्यांनी सेंट झेवियर्समध्ये वाळवलेल्या वनस्पतींचा संग्रह सुरू केला. आज तो ब्लॅटर हर्बेरियम या नावाने देशभरच्या अभ्यासकांना माहीत आहे. भारतातल्या सुंदर वृक्षांवरचे त्यांचे एक पुस्तक आजही वाचले जाते. त्या पुस्तकाचे सहलेखक कोण, तर तेच मिलार्डसाहेब.

फादरांनी सलीम यांना प्राणिशास्त्र शिकण्याचा आग्रह केला. मग सकाळी दावर कॉलेजात हिशेब आणि नंतर झेवियर्समध्ये प्राणिशास्त्र, असा दुहेरी क्रम सुरू झाला. एका धर्मगुरूने दुसऱ्या धर्माच्या, कॉलेज सोडून गेलेल्या मुलातले गुण ओळखले आणि त्याला त्याच्या वाटेवर आणून सोडले. १९३४ मध्ये फादर ब्लॅटर देवाघरी गेले. पुढे त्याच कॉलेजातल्या फादर सांतापाव यांनीही खंडाळ्याच्या डोंगरातली झाडेझुडपे पायी हिंडून नोंदवली आणि ते भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेचे संचालक झाले. सृष्टीचा अभ्यास हीदेखील सेवा आहे, असे मानणाऱ्या धर्मगुरूंची ही मोठी परंपरा आहे.

नोकरी गेली आणि सुगरण भेटली

१९१८ च्या डिसेंबरात सलीम यांचे तहमीना बेगम यांच्याशी लग्न झाले. तहमीना चांगल्या शिकलेल्या होत्या. नवऱ्याला पैशापेक्षा पाखरांची ओढ जास्त आहे हे त्यांनी ओळखले आणि कधी कुरकुर केली नाही.

विद्यापीठाची रीतसर पदवी नसल्यामुळे सरकारी प्राणी सर्वेक्षण संस्थेतली पक्षितज्ज्ञाची जागा सलीम यांना मिळाली नाही. १९२६ साली मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात, निसर्गविषयक नवा विभाग उघडला. तिथे मार्गदर्शक व्याख्याता म्हणून त्यांना दरमहा ३५० रुपयांवर नेमले गेले. काचेच्या कपाटांपुढे उभे राहून, येणाऱ्या लोकांना प्राणिपक्ष्यांची माहिती द्यायची, हे त्यांचे काम. लोकांना निसर्ग शिकवण्याचा त्यांचा हा पहिला अनुभव. पण आपल्यालाच अजून पुरेसे येत नाही, ही खंत त्यांना सतावू लागली. रजा घेऊन ते जर्मनीला गेले आणि बर्लिनमध्ये प्रोफेसर एर्विन स्ट्रेसेमान यांच्या हाताखाली शिकले.

१९३० साली परत आले तर संग्रहालयातली जागा पैशांअभावी रद्द झालेली. हातात परदेशी शिक्षण, घरी पत्नी आणि कमाई शून्य. मुंबईत घरभाडे परवडेना म्हणून दोघे अलिबागजवळच्या किहीम गावी तहमीनांच्या माहेरच्या घरात राहायला गेले. आपल्याच कोकणातले, समुद्राकाठचे साधे गाव. पावसाळा लागला आणि घराजवळच्या झाडावर सुगरण पक्ष्यांची वसाहत बसली. नोकरी नव्हती, म्हणून वेळ भरपूर होता. सलीम यांनी झाडाला लागून माच बांधली आणि दिवसच्या दिवस तिथे बसून ते पाखरांवर नजर ठेवू लागले.

आपल्याकडे सुरेख खोपा विणण्याचा मान मादीला दिला जातो. सलीम यांनी पाहिले ते वेगळेच होते. घरटे नर विणतो. तो ते अर्धे विणून थांबतो. मग माद्या येऊन घरटी पारखतात. एखादीला घर पसंत पडले की ती तिथे राहते आणि नर ते पूर्ण करतो. मादी अंडी उबवायला बसली की नर दुसरे घरटे सुरू करतो आणि दुसऱ्या मादीची वाट पाहतो. कित्येक पिढ्या माणसे सुगरणीचे खोपे पाहत आली होती, पण हा क्रम इतक्या बारकाईने कोणी नोंदवला नव्हता. हा अभ्यास सोसायटीच्या नियतकालिकात छापून आला आणि सलीम अली हे नाव जगाच्या अभ्यासकांना कळले. बेकारीचा तो पावसाळा त्यांच्या आयुष्यातला सर्वांत फलदायी ठरला.

बैलगाडी, तंबू आणि सहचारिणी

यानंतर त्यांनी एक धाडसी प्रस्ताव मांडला. संस्थानिकांनी फक्त मुक्कामाचा आणि प्रवासाचा खर्च द्यावा, ते बिनपगारी त्या त्या संस्थानातल्या पक्ष्यांची पाहणी करून देतील. हैदराबाद, त्रावणकोर, कोचीन, ग्वाल्हेर, इंदूर, भोपाळ अशी एकामागून एक संस्थाने त्यांनी पिंजून काढली. तंबू, बैलगाडी, कंदील आणि वही. तहमीना बहुतेक ठिकाणी सोबत असत.

१९३९ साली एका साध्या शस्त्रक्रियेनंतर तहमीना वारल्या. मूलबाळ नव्हते. सलीम अली तेव्हा बेचाळीस वर्षांचे होते. त्यांनी पुन्हा लग्न केले नाही. बहिणीने आणि मेहुण्यांनी त्यांना आपल्या घरी आसरा दिला. लहानपणी मामामामींनी सांभाळले, प्रौढपणी बहिणीने. ज्यांची कामे जगाला दिसतात त्यांच्यामागे अशी न दिसणारी घरे उभी असतात.

चिमणीच्या मापाने शिकवणारे पुस्तक

१९४१ साली सोसायटीने त्यांचे 'द बुक ऑफ इंडियन बर्ड्स' प्रसिद्ध केले. तोवर पक्ष्यांवरची पुस्तके जाडजूड, महाग आणि पंडितांसाठीच असत. या पुस्तकात रंगीत चित्रे होती आणि माहिती थोडक्यात होती. पक्ष्याचे आकारमान सांगण्याची त्यांची रीत तर फारच सोपी. चिमणीएवढा, बुलबुलाहून मोठा, मैनेएवढा, कावळ्याहून लहान, अशी तुलना. मोजपट्टी नको की दुर्बीण नको. जे पाखरू तुम्ही रोज अंगणात पाहता तेच तुमचे माप. अनोळखी गोष्ट ओळखीच्या गोष्टीवरून शिकवावी, हे चांगल्या शिक्षकाचे लक्षण या पुस्तकात पानोपानी दिसते. पंडित नेहरूंनी हे पुस्तक आपल्या लेकीला, इंदिरेला दिले होते. या पुस्तकाच्या आवृत्त्या निघतच राहिल्या आणि हजारो लोकांनी आयुष्यातला पहिला पक्षी त्याच्या मदतीने ओळखला.

लईक फतेहअली यांच्याबरोबर त्यांनी सामान्य वाचकांसाठी नेहमीच्या पक्ष्यांवर पुस्तक लिहिले. ते १९६७ साली नॅशनल बुक ट्रस्टने काढले. अमेरिकन तज्ज्ञ डिलन रिप्ले यांच्यासोबत भारत आणि पाकिस्तानच्या पक्ष्यांवरचा दहा खंडांचा महाग्रंथ १९६८ ते १९७४ या काळात पूर्ण केला. त्या वेळी ते सत्तरी ओलांडून पुढे गेले होते.

स्वातंत्र्यानंतर सोसायटीकडे पैसा उरला नव्हता. संस्था बंद पडण्याची भीती होती. सलीम अलींनी पंडित नेहरूंना पत्र लिहून मदत मिळवली आणि ती वाचवली. लहानपणी ज्या दारात ते चिमणी घेऊन उभे राहिले होते, ते दार पुढच्या मुलांसाठी उघडे ठेवण्याचे काम असे त्यांच्याच हातून झाले. मुंबई विद्यापीठाने सोसायटीला संशोधनासाठी मान्यता दिल्यावर त्यांच्या हाताखाली शिकलेले पहिले विद्यार्थी विजयकुमार आंबेडकर. त्यांच्या अभ्यासाचा विषय होता सुगरण.

पक्ष्याच्या पायातले कडे

१९५७ साली कर्नाटकात शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूर जंगलात माकडे मरू लागली आणि माणसे तापाने फणफणली. हाच तो माकडताप, जो २०१६ पासून आपल्या जिल्ह्यात दोडामार्ग आणि सावंतवाडी भागातही आला आणि ज्याने आपली माणसे नेली. हा रोग गोचिडीपासून होतो. असाच एक रोग रशियात होता. त्यामुळे थंडीत उत्तरेकडून येणारे पक्षी तर ही गोचीड आणत नसतील ना, अशी शंका आली. जागतिक आरोग्य संघटनेने मदत दिली आणि सलीम अलींच्या मार्गदर्शनाखाली पक्ष्यांच्या पायांत कडी घालण्याचे मोठे काम सुरू झाले.

पक्षी जाळ्यात धरायचा, त्याचे वजनमाप घ्यायचे, पायात सोसायटीचे नाव आणि क्रमांक असलेले हलके कडे घालायचे आणि सोडून द्यायचे. तो पुढे कुठेही कोणाला सापडला तर त्या माणसाने कळवायचे. अशा रीतीने भरतपूरला कडे घातलेल्या बदकांची खबर थेट सायबेरियातून आली. पक्ष्यांवरचा रोगाचा संशय सिद्ध झाला नाही. पण आपल्या तळ्यावरचे पाखरू हजारो मैल दूरच्या देशाचेही आहे, हे या कड्यांनी लोकांना दाखवून दिले. कडे पाहून पोस्टकार्ड टाकणारा साधा शेतकरी किंवा शिकारीसुद्धा या शास्त्रात भागीदार झाला.

भरतपूरचा धडा

सलीम अलींच्या चुका झाकून ठेवल्या तर त्यांचे चरित्र अपुरे राहील. तरुणपणी त्यांनी अभ्यासासाठी असंख्य पक्षी मारले. त्या काळी अभ्यासाची तीच पद्धत होती आणि त्यांनी ते कधी लपवले नाही. भरतपूरची गोष्ट अधिक गंभीर आहे. राजस्थानातले केवलादेव घनाचे हे पाणथळ पक्ष्यांसाठी राखावे म्हणून त्यांनी मोठी खटपट केली. ते वाचले, १९८२ साली राष्ट्रीय उद्यान झाले आणि १९८५ साली जागतिक वारसा ठरले. पण उद्यान होताच तिथे गुरे चारण्यावर बंदी आली. असा सल्ला देणाऱ्या तज्ज्ञांत सलीम अलीही होते. भोवतालच्या गावकऱ्यांची गुरे पिढ्यानपिढ्या तिथे चरत होती. संघर्ष झाला, पोलिसांनी गोळीबार केला आणि काही गावकरी प्राणाला मुकले.

पुढे झाले असे, की म्हशी गेल्यावर पाण्यातले गवत बेसुमार वाढले. मोकळे पाणी कमी झाले आणि कित्येक पाणपक्ष्यांना जागा उरली नाही. म्हशी ते गवत खाऊन तळे मोकळे ठेवत होत्या. हा निष्कर्ष कोणी काढला, तर सलीम अलींच्याच संस्थेच्या संशोधकांनी, अनेक वर्षांच्या अभ्यासानंतर. गुरुजींचा सल्ला चुकला होता, हे शिष्यांनी मोजून दाखवले. त्यांनीच लावलेली निरीक्षणाची सवय इतकी पक्की होती. आपण गुरेढोरे राखणारी माणसे आहोत. रान वाचवायचे तर रानाकाठच्या माणसाला बरोबर घेतले पाहिजे, ही गोष्ट भरतपूरने फार मोठी किंमत घेऊन शिकवली.

केरळमधल्या सायलेंट व्हॅलीची हकिकत याच्या उलट आहे. तिथल्या नदीवर वीजप्रकल्प होणार होता आणि सदाहरित जंगल पाण्याखाली जाणार होते. केरळ शास्त्र साहित्य परिषदेच्या शिक्षकांनी आणि कवींनी गावोगाव जाऊन लोकांना हे जंगल म्हणजे काय ते समजावले. सलीम अलींनी आपल्या नावाचे वजन त्यांच्यामागे उभे केले. प्रकल्प रद्द झाला आणि १९८४ मध्ये ते जंगल राष्ट्रीय उद्यान झाले. लोकांना आधी जंगलाची ओळख झाली, म्हणून ते त्याच्या बाजूने उभे राहिले.

शेवटची वर्षे

१९५८ साली पद्मभूषण, १९७६ साली पद्मविभूषण, १९८५ साली राज्यसभेवर नेमणूक, असे अनेक मान त्यांना मिळाले. एका मोठ्या आंतरराष्ट्रीय पुरस्काराची रक्कम त्यांनी निसर्गसंरक्षणाच्या निधीला देऊन टाकली. राहणी साधी, बोलणे स्पष्ट आणि वेळेच्या बाबतीत कडक. मोटारसायकलचे वेड मात्र अफाट. १९५० साली स्वीडनमधल्या पक्षितज्ज्ञांच्या परिषदेसाठी जाताना त्यांनी आपली मोटारसायकल बोटीने युरोपला नेली होती.

२० जून १९८७ रोजी, नव्वद वर्षांचे होऊन, मुंबईत त्यांचे निधन झाले. पाऊस सुरू व्हायचे ते दिवस, म्हणजे किहीमला सुगरण विणायला बसते तोच हंगाम.

आपल्या धर्मग्रामासाठी

आपल्या जिल्ह्यात पाखरांची कमी नाही. व्हाळाच्या काठी खंड्या बसतो, माडाच्या झावळीवर सुगरणीचे खोपे लोंबतात, पहिल्या पावसाबरोबर नवरंग येऊन शीळ घालतो आणि घाटाखालच्या जुन्या झाडांवर धनेश दिसतो. वेंगुर्ल्याच्या समुद्रातल्या खडकांवर पाकोळी थुंकीने घरटी बांधते आणि ती घरटी चोरांपासून राखण्यासाठी चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेच्या कार्यकर्त्यांनी काम केले आहे. महामार्गाच्या चौपदरीकरणात रस्त्याकडेची मोठमोठी झाडे गेली. त्यांच्यासोबत कोणकोणती पाखरे गेली, हे आपल्यापैकी किती जणांना सांगता येईल? नाव ठाऊक नसलेली वस्तू हरवली तर तिचा शोधही घेता येत नाही.

दर वर्षी आपल्यातले अनेक जण ३ डिसेंबरला संत फ्रान्सिस झेवियरच्या सणासाठी जुन्या गोव्याला जातात. वाटेत रायबंदर लागते. तिथून फेरीबोटीने मांडवी ओलांडली की चोडण बेट. त्या बेटावर खारफुटीत एक छोटे पक्षी अभयारण्य आहे आणि त्याला डॉ. सलीम अलींचे नाव दिलेले आहे. डिसेंबरात तिथे परदेशी पाहुणे पक्षीही आलेले असतात. या वर्षी सणाला जाताना धर्मशिक्षणाच्या वर्गातल्या मुलांना एक दिवस आधी निघून तिथे नेता आले तर किती छान होईल.

तेही जमले नाही तर त्याहून सोपे काम आहे. तुमच्या घरातला मुलगा किंवा मुलगी उद्या हातात पाखरू, पीस किंवा घरटे घेऊन दारात उभी राहील आणि हे काय म्हणून विचारेल. हातातले काम क्षणभर बाजूला ठेवा. उत्तर येत असेल तर द्या. येत नसेल तर अमीरुद्दीन मामांसारखे करा. ज्याला येते त्याच्याकडे मुलाला घेऊन जा. वाडीतल्या एखाद्या म्हाताऱ्या आजोबांना त्या पाखराचे मालवणी नाव नक्की ठाऊक असेल. गलोल हिसकावून घेण्याआधी त्या पाखराचे नाव मुलाला सांगा. नाव कळले की गलोल बहुधा आपोआप खिशात जाते.